नदी आली की

कृष्णा ओलांडताना टिटवीनं डावा पंख उचलला.

जयसिंग रेंदाळेंनी स्टिक दाबून विमान सरळ केलं. वारा नव्हता. खाली डोहात म्हशी बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरचे बगळेही जागचे हलत नव्हते. नदी मागे पडली तसा पंख आपोआप खाली आला. त्यांनी विमान वळवून परत नदीवर आणलं. पुन्हा तेच. पाणी जवळ आलं की डावा पंख उचलायचा, पाणी सरलं की बसायचा.

त्यांची बायको वैजयंती गेल्यावर टिटवी पहिल्यांदाच हवेत आली होती. मागची सीट रिकामी होती.

कवलापूरच्या धावपट्टीवर दिलावर सतारमेकर वाट बघत उभा होता. त्याचं घराणं मिरजेत सतारी बनवणारं. टिटवीच्या पंखातल्या फासळ्या त्यानंच घडवल्या होत्या, सतारीला लागतं त्याच तुणीच्या लाकडाच्या. जयसिंगरावांचा मिरजेत बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. तो बंद केल्यावर त्याच शेडमध्ये दोघांनी मिळून सहा वर्षांत हे दोन सीटचं विमान उभं केलं होतं.

"तीनदा वळलात, तवाच म्हटलं काहीतरी बिनसलंय," दिलावर म्हणाला.

"डावा पंख उचलतोय. नदी आली की."

"नदी आली की?" दिलावरनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "विमान हाय का म्हैस?"

तरी त्यानं पंखाला कान लावला आणि बोटाच्या पेरानं एकेक फासळी वाजवत टोकापर्यंत गेला. सगळ्या एका सुरात बोलल्या. "लाकडाचा दोष नाही," तो म्हणाला. "पोरीला विचारा. कातडं तिचं हाय."

पोरगी म्हणजे शर्वरी, जयसिंगरावांची एकुलती एक. ती बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत होती आणि टिटवीच्या पंखावरचं कातडं तिथलंच होतं.

हे कातडं म्हणजे वटवाघळाची नक्कल. वटवाघळाच्या पंखावर डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात. हवा त्या केसांना वाकवते, आणि कुठं किती वाकवलं यावरून त्याला आपल्या पंखावरून वारं कसं वाहतंय ते कळतं. म्हणून ते अंधारात गिरकी घेऊनही कोसळत नाही. शर्वरीच्या माणसांनी तसेच केस एका पातळ पडद्यावर उगवले होते. टिटवीच्या दोन पंखांवर मिळून ते लाखांत होते. केसांनी टिपलेलं सगळं सीटखालच्या एका डबीत जायचं आणि डबी पंखाची मागची कड बोटभर वर-खाली वाकवायची. हवा वर चढत असेल तिथं टिटवी तिच्यावर अलगद बसायची, घारीसारखी. वर ऊन खाणारा पडदा, खाली छोटी मोटर आणि हे कातडं, एवढ्यावर ती दिवसभर उडू शकत होती.

डबीची खरी हुशारी वेगळीच होती. ती शिकायची. कशानंतर काय येतं हे ती लक्षात ठेवायची, आणि पुढच्या वेळी ते यायच्या आधीच पंख तयार करायची. का येतं, ते तिला कळत नव्हतं. एकामागून एक काय येतं, तेवढंच कळायचं.

शर्वरीनं उड्डाणाची माहिती मागवून घेतली आणि दुपारी फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आई मागं कशी बसायची?"

"कशी म्हणजे? बसायची."

"नदी आली की काय करायची?"

जयसिंगराव शेडच्या दारात उभे होते. ते तिथंच खाली बसले.

वैजयंतीची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती. बत्तीस वर्षं तिनं नद्यांच्या पाण्याच्या पातळ्या टाइप केल्या, पण कृष्णा आणि वारणा सोडल्या तर एकही नदी पाहिली नव्हती. टिटवी उडायला लागली आणि ती मागच्या सीटवरून जी वाकायची! नदी आली की डावीकडे. नेहमी डावीकडेच, कारण उजव्या कुशीला तिनं डब्याची पिशवी ठेवलेली असायची. काचेला कपाळ टेकवून ती नदी संपेपर्यंत बघायची. "अहो, येरळा बघा! एवढीशीच हो! आम्ही केवढी आकडेमोड करायचो हिच्यापायी!" जयसिंगराव म्हणायचे, "तू बघ. मला समोर बघू दे."

"डावीकडे वाकायची," ते फोनवर म्हणाले.

"तेच पंख शिकलाय," शर्वरी म्हणाली. "पाण्यावरची हवा गार असते, ती खाली बसते. केसांना ते आधी कळतं. त्यानंतर दर वेळी विमानातलं वजन डावीकडे जायचं. म्हणून आता गार हवा लागली की पंख डावी बाजू उचलून धरतो. आईला सावरायला."



"रिकाम्या सीटनं कधी उडवलंच नाही का, बाबा? सुरुवातीला दोन्ही शिकवायचं असतं. भरलेली सीट आणि रिकामी सीट. मी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. पण त्या दिवसांत वैजयंती कुणाचं ऐकून खाली थांबेल तर ना. आणि जयसिंगरावही म्हणाले होते, रिकामी सीट कशाला शिकवायची?

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण विक्रमाचा विषय होता.

घरी बांधलेल्या विमानानं एका उड्डाणात, मध्ये कुठं न उतरता, सरळ रेषेत किती लांब जायचं, याची जगभराची एक यादी असते. टिटवीच्या वजनाच्या गटात चिलीमधले इबान्येस नावाचे एक दंतवैद्य सगळ्यात वर होते. वैजयंती त्या यादीची भक्त. जगात कुठंही कुणी विक्रमाला निघालं की त्याच्या विमानाचा ठिपका ती नकाशावर बघत बसायची. "थांबा हो, इबान्येस डोंगराच्या कडेला आलाय, तो पार झाला की वाढते." त्या दंतवैद्याला ती निरोपही पाठवायची, जेवलात का म्हणून. त्याचा विक्रम मोडायचा तर मिरजेहून निघून ईशान्येला बिहारात, गंगेपलीकडे उतरायला हवं होतं. गंगा ओलांडायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. परवानगीचे अर्ज तिनंच भरले. मग भाद्रपदात तिला साधा ताप आला, आणि तो साधा नव्हता.

परवानगी एप्रिलात आली.

"इथून गंगेपर्यंत नदी, ओढा, तळं धरून दीडदोनशे वेळा पंख उचलेल," शर्वरीनं हिशेब सांगितला. "दर वेळी तुम्ही स्टिकनं त्याच्याशी झगडणार. दर वेळी थोडी शक्ती जाणार. गंगेच्या अलीकडेच बॅटरी संपेल. डबी पुसली आणि आठवडाभर एकट्यानं उडवलंत, तर पोचाल."

"पुसायची म्हणजे?"

"एक बटण आहे. पण बाबा, मी नाही दाबणार. मला सांगू नका."

दिलावरला यात काही अवघड वाटत नव्हतं. "वहिनींना गंगा पार करायची होती का नव्हती? मग दाबा बटण. त्यांना काय हलणारा पंख पाहिजे होता का?"

"तुझ्या बापाच्या हातची सतार घरात आहे ना? तिच्या पडद्यांवर त्यांच्या बोटांच्या खाचा आहेत. दे घासून."

"ती वाजवायची हाय मला. विक्रमाला न्यायची नाही."

"मग गप बस."

दिलावर गप बसला नाही, पण विषय बदलला. जयसिंगराव त्या आठवड्यात रोज बटणापर्यंत गेले. बटण दाबलं तर वैजूची इच्छा पुरी होणार होती आणि वैजू जाणार होती. न दाबलं तर ती मागं बसून राहणार होती आणि गंगा दिसणार नव्हती. आठवड्याच्या शेवटी त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि स्क्रू पिळले. जाईल तिथवर जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पटलं नाही, तरी सांगितलं.

निघाले तेव्हा फटफटत होतं. विक्रमाच्या संघटनेच्या माणसानं नोंदीच्या यंत्राला सील ठोकलं, दिलावरनं पंखाला हात लावून कपाळाला लावला आणि टिटवी उठली.

भीमेवर पंख उचलला. मांजरेवर उचलला. मधल्या पाझर तलावांवर, शेततळ्यांवरही उचलत राहिला. जयसिंगराव दर वेळी स्टिक दाबायचे, टिटवी अंग चोरल्यासारखी करायची आणि बॅटरीचा काटा केसभर खाली यायचा. गोदावरी झाली तेव्हा काटा हिशेबाच्या खालीच होता. शर्वरी बेंगळुरूत दिवसभर संगणकापुढे बसून होती. कानातल्या फोनवर ती म्हणाली, "इबान्येसांचा निरोप आहे. माझा विक्रम मोडा, पण जेवून मोडा. वैजयंतीबाई मला असंच सांगायच्या."

जेवायचं ध्यानात नव्हतंच. डबा डाव्या पायापाशी घसरून अडकला होता. जयसिंगराव तो काढायला वाकले, खांदा काचेला लागला, आणि त्याच वेळी गार हवा आली. पंख उचलला. पण टिटवी हलली नाही. झुकली नाही, कुरकुरली नाही. लोण्यातून सुरी जावी तशी सरळ गेली.

ते तसेच वाकून राहिले. खाली वैनगंगा होती. उन्हाळ्यानं पात्र अर्धं उघडं पडलं होतं आणि वाळूत लोकांनी कलिंगडाचे वेल लावले होते. हिरव्या चौकटीच चौकटी. एक बाई डोक्यावर घागर घेऊन वेलांना पाणी घालत चालली होती. तिची सावली तिच्यापेक्षा लहान होती.

सहा वर्षं विमान बांधलं, दोन वर्षं उडवलं, आणि त्यांनी वरून नदी अशी कधी पाहिलीच नव्हती. ते समोर बघत होते.

नदी सरली. ते सरळ झाले, पंखही खाली बसला.

"बाबा?" शर्वरीचा आवाज आला. "काय केलंत? या नदीवर काहीच वाया गेलं नाही."

"काही नाही. नदी बघितली."

तिथून पुढचा दिवस स्वप्नात गेल्यासारखा गेला. कुणाशी झगडायचं उरलं नव्हतं. पंख उचलायचा आणि जयसिंगराव डावीकडे वाकायचे. कुठं पाणी आहे, ते त्यांच्या आधी पंखाला कळायचं. छत्तीसगडच्या जंगलात एकदा पंख उचलला. खाली बघितलं तर साल वृक्षांचा नुसता हिरवा गालिचा. ते तरी बघत राहिले, आणि झाडांच्या फटीतून एक ओहोळ चमकून गेला. पंखानं सांगितला नसता तर तो दिसला नसता. महानदी आली, तिच्यात पूल बुडायला आल्यासारखे बुटके दिसत होते. कुठल्याशा नावं नसलेल्या नद्या आल्या. कुणी कपडे धूत होतं. एका काठावर चिता जळत होती आणि तिच्यापासून जरा लांब पोरं पोहत होती. वैजू काय बघत होती, ते त्यांना आत्ता कळत होतं. ती काही खास बघत नव्हती. जे असेल ते बघत होती.

दुपार उतरली तेव्हा शर्वरी म्हणाली, "एक सांगायला हवं. तुमचं वजन आईपेक्षा जास्त आहे. तुम्ही वाकता तो झोकही वेगळा आहे. डबी आज तुमच्याकडून शिकतेय."

"म्हणजे तिचं पुसलं जातंय?"

"पुसलं नाही. मिसळतंय. संध्याकाळपर्यंत कुठलं तिचं नि कुठलं तुमचं, ते मलाही सांगता येणार नाही."

"आणि सरळ बसलो तर?"

"तर नदी आली तरी कुणी वाकत नाही, असं शिकेल. आणि हळूहळू पंख उचलणं सोडून देईल."

पुढं दामोदर दिसत होती, कोळशाच्या मुलखातून येणारी, काळसर. पंख उचलला. ते वाकले.

गंगा आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आधी वाळू आली, मग एक धार, मग पुन्हा वाळूचं बेट. बेटावर गवताच्या झोपड्या, धूर, गुरं. ते वाकून बघत होते, पंख त्यांना तोलून होता. मग खरं पात्र सुरू झालं. नुसतं पाणी. पलीकडचा काठ धुरकट होता, आहे की नाही असं वाटावं इतका.

आणि मध्यावर पंख खाली बसला.

टिटवी डावीकडे कलली. जयसिंगरावांना आधी कळेना. मग कळलं. वैजूच्या सगळ्या नद्या एवढ्यात संपायच्या. कृष्णा असो नाहीतर भीमा, एवढा वेळ वाकून ती मागं टेकायची आणि त्यांच्या खांद्यावर बोटानं टकटक करायची. "झाली हो. चला." पंखाला तेवढंच ठाऊक होतं. तिनं पाहिलेलं पाणी इथवरच होतं. याच्यापुढची गंगा तिनं पाहिली नव्हती.

"बाबा, सरळ बसा!" शर्वरी म्हणाली. "डबीनं पंख सोडून दिलाय. झगडू नका. पलीकडे पोचायला जेमतेम उरलीय."

"एवढी बघून होऊ दे."

"बाबा, विक्रम जाईल. ऐका ना."

"ती अर्धीच कशी बघायची, शर्वरी?"

ते वाकलेलेच राहिले. दोन्ही हातांनी स्टिक उजवीकडे दाबून धरली. टिटवी थरथरत होती, उंची जात होती, काटा लाल पट्टीत गेला. खाली गंगा चाललीच होती, गढूळ, सावकाश, कुणासाठी न थांबणारी. एक होडी शीड फुगवून चालली होती. जयसिंगरावांचे डोळे भरून आले आणि होडी पुसट झाली. त्यांनी डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात गुंतलेले होते.

मग हातातली स्टिक हलकी झाली. डावा पंख हळूहळू, चाचपडत वर आला. अंदाज घेतल्यासारखा थांबला. आणखी थोडा आला आणि त्यांना तोलून धरून राहिला.

ही उचल वैजूची नव्हती. एवढ्या रुंद नदीवर तिनं पंखाला कधी शिकवलं नव्हतं. दिवसभर एक जड माणूस डावीकडे वाकतोय, तो अजून उठलेला नाही, एवढं डबीनं ओळखलं होतं.

काठ आला. त्याच्या पुढं मोटर थांबली. पात्यांचा आवाज गेला आणि सगळीकडे शांत झालं. टिटवी शेतांवरून तरंगत निघाली. समोर पूर्णियाजवळची एक जुनी धावपट्टी दिसली, ती पिवळी धमक होती. जयसिंगरावांना वाटलं, थकव्यानं डोळ्यांना असं दिसतंय. जवळ गेले तेव्हा कळलं, गावानं तिच्यावर मका वाळत घातला होता.

"मकई! अरे, मकई बचाके!" एक म्हातारी दाताळं उगारून धावत सुटली. जयसिंगरावांनी टिटवी कडेच्या गवतावर घेतली. तरी एक चाक मक्यात गेलंच. दाणे पंखावर तडतडले.

विक्रम झाला. फार थोड्यानं झाला, पण यादीत वर जाण्यापुरता झाला. ते कळलं तेव्हा जयसिंगराव म्हातारीबरोबर बसून पसरलेला मका गोळा करत होते. कवलापुरात दिलावरनं पेढे वाटले आणि फोनवर म्हणाला, "बटण दाबलं असतं तर लवकर पोचला असता." इबान्येसांनी लिहिलं, आता मी जेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरी पोचली. तिनं ट्रक ठरवून आणला होता. पंख सोडवून, बांधून मिरजेला न्यायचं, असा तिचा बेत होता.

"परवानगीत परतीचा दिवसही आहे," जयसिंगराव म्हणाले. "तुझ्या आईनं अर्जात भरून ठेवलाय. थांबत थांबत जाऊ. बस मागं."

"मी?"

"मग काय ट्रकवाला?"

ती बसली. टिटवी उठली. शेतं, आंब्याच्या बागा, मग वाळू. गार हवा आली आणि डावा पंख झोकात उचलला. जयसिंगराव डावीकडे वाकले. तरी टिटवी भलतीच हेलकावली, अंगाखालचा पाट कुणी ओढावा तशी.

"बाबा! हे काय होतंय?"

त्यांनी वळून बघितलं. शर्वरी उजव्या काचेला नाक लावून बसली होती.

"तू तिकडं काय बघतेस? नदी इकडून बघायची असते."

"कुणी सांगितलं? इकडं मासे आहेत! मासे नाहीत, सूस आहेत, गंगेतले डॉल्फिन. वर येतायत बघा. तीन... चार! बाबा, पंखाला सांगा ना, उजवीकडे."

"मला त्याला काही सांगता येत नाही," जयसिंगराव म्हणाले. "तू बघत राहा. शिकेल तो."

त्यांनी एका हातानं स्टिक घट्ट धरली आणि स्वतःही उजवीकडे वाकले. टिटवी गांगरली, डुलली आणि गंगेवरून तिरकी तिरकी पुढं निघाली.